डब्यातले कार्ड

शनिवारी सकाळी अंजनी भालेराव बदलापूरच्या शिरगावातल्या त्या लहानशा कार्यालयात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातले काही कागद आणि मोबाइल एवढेच होते. बसा म्हटल्यावरही त्या काही क्षण उभ्याच राहिल्या.

“काल चारला येऊन गेले,” त्या म्हणाल्या. “कुलूप होतं.”

कार्यालयाच्या स्वामिनी मैत्रेयी कर्णिक काल ठाण्याला गेल्या होत्या. एका बँकेच्या तक्रार विभागात बावीस वर्षे काढून त्यांनी हे खाजगी शोधकार्य आरंभले होते. किल्ली असे ती त्यांचे साहाय्यक रामभाऊ भोईर यांच्याकडे. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षे फोरमनकी केलेले रामभाऊ मनाने निर्मळ होते. निष्कर्षाप्रत मात्र सावकाश पोहोचत.

“माझीच चूक, ताई,” रामभाऊ ओशाळून म्हणाले. “अंबरनाथच्या कंपन्या शुक्रवारी बंद. तीस वरसं शुक्रवार हाच आमचा रविवार. अंगवळणी पडलंय, शुक्रवारी मी घरातून हलत नाय.”

अंजनीबाईंच्या मुखावर हास्याची रेषाही उमटली नाही. त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि शांतपणे सांगितले की सोमवारी संध्याकाळपर्यंत दोन लाख चाळीस हजार रुपये उभे राहिले नाहीत, तर त्यांच्या सहाही शिलाई मशिनी उचलून नेल्या जातील.

मग त्यांनी सारा वृत्तांत कथन केला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांचा शाळेची दप्तरे शिवण्याचा लहानसा कारखाना होता. चार वर्षांपूर्वी पती नरेंद्र निवर्तले आणि व्यवसायाचा भार त्यांच्यावर आला. रोकड हाताशी नसे, म्हणून दिरांनी, राजरत्न यांनी, क्रेडिट कार्ड काढून दिले. महिन्याचे स्टेटमेंट निघाले की दुसऱ्या दिवशी कार्डावर कापड घ्यायचे. बिल भरायला पन्नास दिवस मिळत. ठोक व्यापारी पंचेचाळीस दिवसांनी पैसे देई. मधले पाच दिवस हाच त्यांचा श्वास होता.

दोन वर्षे हे चक्र सुरळीत फिरले. मग व्यापारी पंचेचाळीसचे नव्वद दिवस करू लागला आणि बिल भरायला पैसा उरेना. तेव्हा कोणीतरी महेश रोहरा यांचे नाव सुचवले.

“रोटेशन म्हणतात त्याला,” अंजनीबाई म्हणाल्या. “शेवटच्या तारखेला महेशभाई त्यांच्या पैशानं माझं बिल भरतात. लिमिट मोकळी झाली की माझंच कार्ड त्यांच्या मशीनवर घासून आपले पैसे काढून घेतात. वर अडीच टक्के. बँकेचं देणं तेवढंच राहतं, फक्त महिना पुढे जातो. दोन वर्षं झाली. दर महिन्याला वाटतं, हा शेवटचा.”

“आणि काल?”

“काल त्यांनी दोन चाळीस भरले. दोन वाजता कार्ड घासायला गेले तर लिमिटच नाही. त्याआधीच कुणीतरी सगळे काढले होते.”

मैत्रेयीबाईंनी मोबाइलवरचा बँकेचा संदेश वहीत उतरवून घेतला. बिलाची रक्कम जमा, दुपारी बारा एकतीस. त्यानंतर खर्च दोन लाख ब्याऐंशी हजार, बारा चाळीस, बदलापूर पूर्वेचे एक टाइल्सचे दुकान, कार्डाचे शेवटचे आकडे सहा एक दोन दोन.

“बँक काय म्हणाली?”

“म्हणाली, तुमच्या खात्यावरच्या कार्डानं, बरोबर पिन टाकून खर्च झालाय. चोरी धरता येणार नाही. महेशभाई म्हणतात, माझे पैसे तुझ्या कार्डात गेले, तूच दे. भाऊजींना फोन केला तर ते कंपनीत, साहेब समोर बसलेले. रात्री येऊन मला पाणी पाजलं त्यांनी. मी जेवले नव्हते.”

रामभाऊ इतका वेळ स्टेटमेंटवरून बोट फिरवत होते. बँका कशा लुबाडतात पाहा, ते पुटपुटले; वार्षिक शुल्क एकदा पाचशे आणि खाली पुन्हा अडीचशे. अंजनीबाई म्हणाल्या की पहिल्या वर्षापासून ते तसेच येते, त्यांना वाटले कर असेल.

मैत्रेयीबाईंनी एकच प्रश्न विचारला. कार्डाची एकूण मर्यादा किती, आणि हे बिल निघाल्यानंतर कार्डावर काही घेतले होते का?

मर्यादा तीन लाख होती. मंगळवारी दप्तरांना लावायच्या अठरा हजारांच्या चेनी घेतल्या होत्या. कटिंग करणाऱ्या राजू मास्तरांनी त्या आणल्या.

*

महेश रोहरा यांचे दुकान कॅम्प दोनच्या बाजारात होते. समोर मोबाइलची कव्हरे टांगलेली. मागे काउंटर, त्यावर दोन स्वाइप मशिनी आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात तीसेक कार्डे होती. प्रत्येक कार्ड कागदी पाकिटात, पाकिटावर रबर, आणि शाईने लिहिलेले नाव, तारीख, आकडे, पिन.

“पिनसुद्धा लिहून?” रामभाऊंनी अविश्वासाने विचारले.

“काका, तीस पार्टी आहेत. लक्षात कोण ठेवणार?” महेशभाई म्हणाले. “सगळे स्वतःच देतात. भरोसे का धंदा है. आणि माझाच पैसा फसला, उलट मलाच विचारताय.”

रामभाऊंनी अंजनीबाईंचे पाकीट उचलून मोठ्याने वाचले. अंजनीताई, तारीख पाच, सहा एक एक चार. पुढे पिन होता. तो त्यांनी संकोचाने मनातच वाचला.

महेशभाईंनी आपण होऊन कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. साडेदहाला राजू मास्तर कार्ड देऊन गेले. ते डब्यात पडले. अकराला महेशभाईंनी मोबाइलवरून बिल भरले. त्या दिवशी ते जमा व्हायला दीड तास लागला. दोन वाजेपर्यंत डबा कोणी उघडला नाही, खुद्द महेशभाईंनीही नाही. बारा चाळीसला ते काउंटरवर बसून डाळपकवान खात होते.

दोन वाजता त्यांनी दोन लाख शेहेचाळीस हजार घासून पाहिले, मुद्दल आणि अडीच टक्के. मशीनने नकार दिला.

“मशिनी नेऊन काय करणार?” मैत्रेयीबाईंनी विचारले.

“मॅडम, मला मशिनी नको. पण मी पण दुसऱ्याकडून उचलूनच भरतो ना. त्याला सोमवारी द्यायचे आहेत. तो माझं दुकान बघेल, मी तिच्या मशिनी बघतो.” त्यांनी डब्याचे झाकण लावले. “अंजनीताईने कधी एक रुपया ठेवला नाही माझा. पण मी तरी काय करू?”

बाहेर आल्यावर रामभाऊंनी आपला निर्णय जाहीर केला. कार्ड याच्यापाशी, पिन याच्यापाशी. ह्यानेच कुणाकडून तरी कार्ड बदलापूरला घासवले, आणि आता बाईकडूनही वसूल करतोय. चित्रण काय, बदलता येते.

“तो असता तर किती घासले असते?” मैत्रेयीबाईंनी विचारले.

रामभाऊंना प्रश्नाचा रोख कळला नाही.

कारखाना जवळच्याच गल्लीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. सहा मशिनी एकमेकींना खेटून. मधून चालताना अंग आक्रसून घ्यावे लागे. राजू मास्तर पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. कार्ड आपण दिले, पिन आपल्याला ठाऊक, चेनी आपणच आणल्या, हे त्यांनी न विचारताच सांगून टाकले. अकरापासून संध्याकाळपर्यंत ते कटिंगच्या टेबलापाशी होते.

“हलले नाहीत,” पहिल्या मशीनवरची राजाबाई मान वर न करता म्हणाली. “बाराला माझ्याशी भांडण झालं त्यांचं. पट्टे आखूड कापले म्हणून. एक वाजेपर्यंत चाललं. साऱ्या जणींनी ऐकलं.”

राजू मास्तरांनी दुजोरा दिला. पट्टे आखूड नव्हते, एवढेच त्यांनी जोडले.

*

राजरत्न भालेराव शिरगावातच, एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत. अंबरनाथच्या कंपनीत ते भांडार विभागात होते. सायंकाळी दोघे त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात नव्या रंगाचा वास होता. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली नरेंद्र यांचे छायाचित्र. त्यांनी स्वतः चहा केला. पत्नी माहेरी गेली होती.

वहिनींविषयी ते आदराने बोलले. दादा गेल्यावर त्या बाईने एकटीने कारखाना ओढला, असे म्हणताना त्यांनी छायाचित्राकडे हात केला. कार्डाचे अर्ज त्यांनीच भरले होते, वहिनींनी सह्या केल्या. वहिनींना ईमेल नव्हता म्हणून आपला दिला. पत्ताही आपलाच, कारण कारखाना भाड्याचा.

“म्हणजे बँकेचे मेल तुम्हाला येतात,” मैत्रेयीबाई म्हणाल्या.

“येतात. वाचतो कोण?” ते म्हणाले. “मी वहिनीला आधीच सांगितलं होतं, या रोटेशनच्या नादी लागू नको. उल्हासनगरला अडीच टक्के घेतात, इथं बदलापुरात तर तीन. माणूस त्यातून बाहेर पडत नाही.”

“तुमचं स्वतःचं कार्ड आहे?”

“नाही. आपलं पगारात भागतं.”

काल दुपारी ते कुठे होते, हे मैत्रेयीबाईंनी विचारले नाही. रामभाऊंना त्याचे नवल वाटले. जिना उतरताना त्यांनी तसे बोलून दाखवले.

“ते आधीच कळलंय,” मैत्रेयीबाई म्हणाल्या. “उद्या अकराला सर्वांना कारखान्यात बोलवा. महेशभाईंना म्हणावं, मशीन घेऊन या. स्वाइपची.”

*

शाळा उघडायला पाच आठवडे उरले होते, म्हणून रविवारीही सहाही मशिनी चालू होत्या. मैत्रेयीबाईंनी त्या थांबवू दिल्या नाहीत. कटिंगच्या टेबलाभोवती पाच जण बसले: अंजनीबाई, महेशभाई, राजू मास्तर, राजरत्न आणि रामभाऊ. दार एकच होते आणि त्यापुढे दप्तरांचा ढीग होता. आत येणे सोपे, बाहेर पडायचे तर ढीग सरकवावा लागे.

“प्रथम रकमेचा विचार करू,” मैत्रेयीबाईंनी आरंभ केला. “मर्यादा तीन लाख. बिल पूर्ण भरले गेले. मग कार्डावर मोकळे किती? ज्याला मंगळवारच्या चेनी ठाऊक नाहीत, तो म्हणेल तीन लाख. महेशभाई तेच म्हणाले असते. पण घासले गेले दोन लाख ब्याऐंशी हजार. तीन लाखांतून चेनींचे अठरा हजार वजा करा, नेमके तेवढेच. म्हणजे ज्याने हे केले त्याला चेनी ठाऊक होत्या, आणि पैसे जमा झाल्याचेही नऊ मिनिटांत कळले.”

महेशभाईंनी प्रथमच खुर्चीला पाठ टेकली. राजू मास्तरांनी मात्र मान खाली घातली.

“चेनी मला ठाऊक होत्या,” ते म्हणाले.

“होत्या. पण बारा चाळीसला तुम्ही इथे पट्ट्यांवरून भांडत होता, आणि कार्ड बदलापूरला घासले गेले. शिवाय जमा झाल्याचा संदेश तुम्हाला येत नाही. तो दोनच ठिकाणी जातो. अंजनीताईंच्या मोबाइलवर, आणि ज्यांचा ईमेल अर्जावर आहे त्यांच्याकडे. चेनींच्या खरेदीचेही तसेच.”

राजरत्न म्हणाले की मेल ते वाचत नाहीत. आणि कार्ड तर डब्यात होते, ते बदलापूरला उडून गेले काय?

“डब्यातले कार्ड डब्यातच होते,” मैत्रेयीबाई म्हणाल्या. “महेशभाईंचे चित्रण खरे आहे. रामभाऊ, काल पाकिटावर वाचलेले आकडे आठवतात?”

“सहा एक एक चार.”

“आणि बँकेच्या संदेशात?” त्यांनी वही पुढे केली.

रामभाऊंनी वाचले. पुन्हा वाचले. “सहा एक दोन दोन. बाई, हे दुसरंच कार्ड.”

“दुसरे कार्ड, पण खाते तेच. बँकेनेही हेच सांगितले होते: तुमच्या खात्यावरच्या कार्डाने. आपण ऐकताना डब्यातले कार्ड गृहीत धरले. एका खात्यावर घरातल्या दुसऱ्या माणसासाठी जोडकार्ड मिळते. मर्यादा सामाईक, पिन ज्याचा त्याचा. आणि त्याचे वेगळे वार्षिक शुल्क लागते. पाचशेच्या खालचे अडीचशे. चार वर्षे ते कागदावर उघडे दिसत होते.”

अंजनीबाईंनी दिराकडे पाहिले नाही. त्या टेबलावरच्या खडूच्या रेघांकडे पाहत होत्या.

“त्या दिवशी चार सह्या केल्या मी,” त्या म्हणाल्या. “भाऊजी म्हणाले, इथे, इथे, इथे आणि इथे.”

“हे सगळं अंदाजावर चाललंय,” राजरत्न म्हणाले. त्यांचा स्वर मात्र खाली आला होता.

“मग आणखी दोन गोष्टी. जो कार्ड वापरत नाही, त्याला बदलापुरातला तीन टक्क्यांचा दर कसा ठाऊक? टाइल्सच्या दुकानात कोणी मर्यादेच्या शेवटच्या रुपयापर्यंत टाइल्स घेत नाही. ते दुकान रोटेशनवाल्याचे आहे. आणि शुक्रवारी वहिनींना तुम्ही सांगितले की कंपनीत आहे, साहेब समोर आहेत.” त्या रामभाऊंकडे वळल्या. “शुक्रवारी, रामभाऊ.”

रामभाऊंच्या मुद्रेवर बोध हळूहळू पसरला. “कंपनी तर बंद,” ते म्हणाले. “मी समोरच होतो ताई हे सांगत असताना, आणि तरी…”

“फोन लावून बँकेला एवढेच विचारा,” मैत्रेयीबाई अंजनीबाईंना म्हणाल्या, “की खात्यावर कार्डे किती, आणि कोणाच्या नावे.”

अंजनीबाईंनी मोबाइल उचलला. राजरत्न यांनी हात पुढे करून तो हळूच टेबलावर उपडा ठेवला.

“नको वहिनी. माझ्या नावावर आहे.”

मशिनींचा आवाज तेवढा चालू राहिला. मग ते बोलू लागले, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबले नाहीत. घराच्या पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी स्वतःचे कार्ड वापरले होते. दीड वर्ष बदलापूरचा माणूस ते फिरवत होता. या खेपेस त्याने आगाऊ भरायला नकार दिला: आधी तुमचे पैसे आणा. बिल दोन लाख त्र्याहत्तर हजार, मुदत शुक्रवार. पत्नीला कळले आणि ती निघून गेली. जोडकार्ड चार वर्षे कपाटात पडून होते. नड लागली तर दादाच्या कारखान्याला उपयोगी पडेल, म्हणून काढलेले. तेच त्या माणसाच्या मशीनवर घासले; तीन टक्के कापून जे हाती आले ते बिलात गेले.

“चोरायचं नव्हतं मला,” ते म्हणाले. “परत देणारच होतो. माझं स्टेटमेंट दहा तारखेला निघतं. अकराला माझं कार्ड घासलं असतं तर पन्नास दिवस मिळाले असते. म्हटलं, चार दिवस महेश थांबेल. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न होता.”

“ते पाच दिवस माझ्याकडून शिकलात,” अंजनीबाई म्हणाल्या.

“म्हणजे पैसे गेले बिलात,” रामभाऊ हताश होऊन म्हणाले. “आता आणायचे कुठून?”

“बिलात गेले, म्हणूनच शाबूत आहेत,” मैत्रेयीबाई म्हणाल्या. “त्यांचे बिल भरले गेले, तर त्यांच्या कार्डाची मर्यादा तेवढीच मोकळी झाली. महेशभाई, मशीन काढा.”

राजरत्न यांनी पाकिटातून आपले कार्ड काढले. त्यांनी पिन दाबला तेव्हा सर्वांनी आपापली नजर दुसरीकडे वळवली. तेवढी राजरत्न यांची लाज राखली गेली. दोन लाख त्र्याहत्तर हजार. मशीनने कागदाची पट्टी बाहेर सोडली. महेशभाईंनी आपले दोन लाख चाळीस आणि अडीच टक्के धरले, आणि उरलेले सत्तावीस हजार मोबाइलवरून अंजनीबाईंच्या खात्यात पाठवले. त्यांच्या देण्याच्या चिठ्ठीवर त्यांनी आडवी रेघ ओढली.

“ताई, मिटलं,” ते म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखे वाटत असावे. “पुढच्या पाच तारखेला कार्ड पाठवून द्या.”

अंजनीबाई मैत्रेयीबाईंकडे वळल्या. “म्हणजे मशिनी वाचल्या.”

“वाचल्या. पण खरे ते सांगते. बँकेला तुम्ही देणे लागता ते आहेच. उलट थोडे वाढले. राजरत्न यांचेही आहेच. महेशभाईंना त्यांचा सावकार सोडणार नाही. सर्व जण गेल्या महिन्यात होते तिथेच आहेत, मधले टक्के तेवढे गेले.”

महेशभाईंनी येताना सोबत आणलेले आपले कार्ड अंजनीबाईंनी मागून घेतले. पाकिटातून काढून त्यांनी ते राजू मास्तरांच्या कात्रीखाली धरले. कापड कापणाऱ्या कात्रीला ते जड गेले नाही. राजरत्न यांनी न सांगता जोडकार्ड पुढे सरकवले. तेही कापले गेले.

“बँकेला हप्ते पाडून मागते,” त्या म्हणाल्या. “व्याज देईन, पण महिन्याला घाबरून उठणार नाही. भाऊजी, तुमचा पगार सातला होतो. बदलापूरच्या टक्क्यांमुळे जो फरक पडला तो उद्या, आठ तारखेला, इथे आणून द्यायचा, माझ्या हातात. वहिनी म्हणून सांगत नाही, मालकीण म्हणून सांगते. आणि जाऊबाईंना मी स्वतः आणायला जाते. त्यांना खोटं सांगणार नाही.”

राजरत्न यांनी मान हलवली.

मग त्या राजू मास्तरांना म्हणाल्या की आजपासून कापड आपण घ्यायचे नाही. व्यापाऱ्याने कापड द्यावे, आपण फक्त शिलाई घ्यावी. नफा निम्म्याहून कमी होईल. आणि दोन मशिनी विकायच्या, बाजारभावाने, आपल्या हाताने.

महेशभाई दप्तरांचा ढीग सरकवून बाहेर पडले.

पहिल्या मशीनचा आवाज थांबला. राजाबाईने सुई उचलून धरली होती.

“कुठल्या दोन?” तिने विचारले. “मी उद्यापासून कुठे बसू?”

अंजनीबाईंनी खिडकीजवळच्या मशीनकडे बोट दाखवले. चार वर्षे त्या स्वतः तिथे बसत.

“तिथे,” त्या म्हणाल्या. “मी उभ्यानं घड्या घालीन.”

राजाबाईने मान खाली घातली, सुई खाली सोडली आणि अर्धा राहिलेला पट्टा पूर्ण करायला घेतला.